आधी सतरंजी, मग पडदा : तालुक्याच्या गावी चित्रपट महोत्सव भरवताना

लहान गावात चित्रपट महोत्सव भरवायचे ठरले की पहिल्या बैठकीचा बराचसा वेळ उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यातच जातो. आमच्या तालुक्याच्या गावीही तसेच झाले होते. रात्री साडेअकराला मंडळी उठली तेव्हा वहीत चार नटांची नावे आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हे एवढेच लिहिलेले होते. सतरंज्या कोठून आणायच्या, पहिल्या दिवशी पाहायला कोण येणार आणि तेच लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा का येतील, याविषयी एक ओळही नव्हती. त्यानंतरच्या नऊ वर्षांत जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. त्यातले बरेचसे चुका करून शिकलेले आहे, आणि त्याचा गाभा असा की गावात आधीच रुजलेल्या एखाद्या सवयीवर महोत्सवाचे कलम बांधावे लागते.

कलम कशावर बांधायचे

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत चार माणसे एकत्र बसण्याच्या जुन्या जागा आणि जुने निमित्त असते. कोठे नगर वाचनालय असते, कोठे दरवर्षीची व्याख्यानमाला, कोठे एकांकिका स्पर्धा, कोठे भजनी मंडळ, आणि गणेशोत्सव मंडळ तर सर्वत्रच असते. या मंडळींकडे पावती पुस्तक सांभाळण्याची शिस्त असते, खुर्च्या मोजून परत देण्याची सवय असते आणि कोणाच्या घरून किती वर्गणी येते याचे पक्के ज्ञान असते. चित्रपटाची आवड असलेल्या पाच-सात तरुणांकडे यातले सहसा काहीच नसते. म्हणून नवी संस्था काढण्यापूर्वी वाचनालयाच्या कार्यकारिणीला जाऊन भेटावे आणि महिन्यातून एका संध्याकाळी सभागृह मागावे. आमचा महोत्सव सुरू होण्याआधी चौदा महिने आम्ही असे मासिक खेळ केले. पहिल्या खेळाला एकोणीस माणसे होती आणि त्यांतली सहा आमच्या घरची होती.

हे नुसते आपल्याकडचे शहाणपण नाही. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांचे खेडे आहे. तेथे १९४९ साली स्थापन झालेली 'नीनासम' ही नाट्यसंस्था के. व्ही. सुब्बण्णा यांनी वाढवली, आणि १९७० च्या दशकात त्याच संस्थेच्या अंगणात चित्रपट मंडळ उभे राहिले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादुर आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर तेथे जाऊन चित्रपट रसास्वादाची शिबिरे घेत असत, आणि बागायतदार, शिक्षक, मजूर जगभरचे अभिजात चित्रपट पाहून त्यांवर बोलत असत. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या माणसाला 'असले' चित्रपट कळत नाहीत, असे कोणी बैठकीत म्हणाले की मी हेग्गोडूचे नाव घेतो. मात्र तेथे आधी पंचवीस वर्षे नाटक मुरले होते, हे सांगायलाही विसरत नाही.

प्रत्येक गावाचे चित्रपटाशी स्वतःचे असे काही नाते असते, ते शोधून काढावे. कोल्हापूरच्या फिल्म सोसायटीने कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे नाव घेतले, कारण महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच शहरात उभी राहिली होती. आपल्या गावाला पेंटर लाभले नसतील, पण एखादी बंद पडलेली टॉकीज, जत्रेतला तंबू आणि त्या टॉकीजचा निवृत्त ऑपरेटर हे बहुधा असतातच. त्या ऑपरेटरला गाठावे. आमच्या ऑपरेटरकाकांना डिजिटल यंत्रातले काही येत नव्हते. परंतु पडद्यावरचे चित्र एका कोपऱ्यात किंचित मऊ आहे हे त्यांना शेवटच्या रांगेतून दिसायचे, आणि खेळ सुरू असताना ते कधीही यंत्रापासून हलले नाहीत. असा एक माणूस मिळाला की निम्मी काळजी मिटते.

तारखा, परवानग्या आणि कागद

दसरा-दिवाळी उरकल्यावर आणि बारावीच्या परीक्षांच्या आत, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, तीन दिवस काढावेत. गावची जत्रा, आठवडे बाजार, लग्नाच्या दाट तिथी आणि निवडणूक यांच्याशी गाठ पडणार नाही हे पाहावे. तीन दिवस पुरतात. पाच दिवसांचा हट्ट आम्ही एकदा केला आणि चौथ्या दिवशी कार्यकर्तेच पेंगत होते.

संस्था नोंदवायची असेल तर किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात ती नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी कायदा व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली होते. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे हेच करतात, त्यामुळे त्यांच्या खजिनदाराला सगळी वाट ठाऊक असते. जागा नेहमीचे चित्रपटगृह नसेल तर परवान्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच करावी, पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो हे गृहीत धरूनच खेळाची वेळ ठरवावी.

सर्वांत जास्त गोंधळ चित्रपटाच्या परवानगीत होतो. सार्वजनिक खेळासाठी चित्रपटाला प्रमाणपत्र लागते. स्वतंत्र लघुपटांना आणि माहितीपटांना ते बहुधा नसते, आणि अशा वेळी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली महोत्सवापुरती सूट मिळावी म्हणून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे चित्रपटांची यादी आणि त्यांचा गोषवारा पाठवून अर्ज करावा लागतो. हे काम दोन महिने आधी सुरू करावे. पहिल्या वर्षी प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट निवडले तर डोके शांत राहते. मुलांच्या खेळासाठी प्रमाणपत्रावरचा वयोगट पाहावा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए गटात ७, १३ आणि १६ वर्षे असे पोटभाग झाले आहेत.

याखेरीज हक्कधारकाची लेखी परवानगी हवीच. घरी भरलेल्या ओटीटीच्या वर्गणीतून गावाला चित्रपट दाखवण्याचा हक्क मिळत नाही, आणि यूट्यूबवर फुकट दिसतो म्हणून तो पडद्यावर लावता येतो असेही नाही. दिग्दर्शकाला साधे पत्र लिहावे: गाव कोणते, पडदा केवढा, किती माणसे अपेक्षित आहेत, तिकीट आहे की नाही, आणि आपण मानधन म्हणून काय देऊ शकतो. लहान का होईना, रक्कम द्यावी. चहावाल्याला पैसे मिळतात, मांडववाल्याला मिळतात आणि ज्याच्या कामासाठी सगळे जमले आहेत त्याला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावले जाते, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. जुने चित्रपट आणि परदेशी चित्रपट मिळवण्यासाठी फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचे सभासदत्व उपयोगी पडते. १९५९ साली ही संघटना स्थापन झाली तेव्हा सत्यजित राय तिचे अध्यक्ष होते, आणि गावोगावच्या मंडळांना जोडण्याचे काम ती तेव्हापासून करते आहे.

चित्रपट निवडताना

प्रत्येक चित्रपट किमान तीन जणांनी, वेगवेगळ्या घरी बसून, शेवटपर्यंत पाहावा आणि अर्धे पान टिपण लिहावे. तिघांपैकी एक व्यक्ती अशी असावी की जिला 'समांतर', 'जागतिक' हे शब्द बोलायची सवय नाही. आमच्या समितीत एक अंगणवाडी सेविका आहेत. कंटाळा आला तर त्या 'येथे मी उठून दूध तापवायला गेले' असे टिपणात मिनिटासह लिहितात, आणि ते मिनिट पाहिल्यावर बहुतेक वेळा त्यांचे बरोबर निघते.

दिवसाला चारांपेक्षा जास्त खेळ ठेवू नयेत. सकाळी शाळेत मुलांसाठी लघुपट, दुपारी वाचनालयात माहितीपट आणि त्यावर बोलणे, संध्याकाळी मैदानावर सर्वांसाठी पूर्ण लांबीचा चित्रपट, ही मांडणी आमच्याकडे टिकली. संध्याकाळचा चित्रपट गावाला सहज भिडणारा असावा. अवघड चित्रपट दुपारी ठेवावा, कारण दुपारी येणारा माणूस तो पाहायचा म्हणूनच आलेला असतो. तालुक्यात तयार झालेल्या चित्रफितींसाठी एक स्वतंत्र खेळ जरूर ठेवावा, मात्र तेथेही निवड करावी. सरपंचांच्या भाच्याची म्हणून घेतलेली वीस मिनिटे संपता संपत नाहीत, आणि ज्या मुलीने मोबाईलवर तीन मिनिटांत ऊसतोडीच्या टोळीतली पहाट नेमकी पकडली तिच्यावर त्यामुळे अन्याय होतो. नकार कळवताना दोन ओळींचे कारण द्यावे. गाव लहान असते. ज्याला नकार दिला तो उद्या किराणा दुकानात समोर उभा असतो.

पडदा, प्रकाश आणि आवाज

या भागाकडे लहान महोत्सवांचे सर्वांत कमी लक्ष असते, आणि प्रेक्षक जातो तो येथेच. प्रोजेक्टर भाड्याने घेताना 'मोठा द्या' असे सांगून भागत नाही. समजा पडदा १६ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे, म्हणजे १४४ चौरस फूट. चांगल्या चित्रपटगृहात दर चौरस फुटामागे सुमारे १४ ल्युमेन प्रकाश पडद्यावर पडतो. त्या हिशेबाने पूर्ण अंधारात आपल्याला २,००० ल्युमेन प्रत्यक्ष लागतील. भाड्याच्या यंत्राचा दिवा जुना झालेला असतो आणि पेटीवरचा आकडा नव्या दिव्याचा असतो, म्हणून ४,००० च्या खाली जाऊ नये, आणि मैदानाला लागून रस्त्याचे दिवे असतील तर आणखी वर जावे. नगरपालिकेला पत्र देऊन दोन खांबांचे दिवे तीन तासांसाठी बंद करून घेतले तर तोच प्रोजेक्टर एकदम उजळ वाटतो. हा उपाय फुकट आहे.

यंत्र पडद्यापासून किती लांब लागेल हेही आधी काढावे. प्रोजेक्टरच्या माहितीत अंतर आणि रुंदीचे प्रमाण दिलेले असते, ते १.५ असेल तर १६ फुटी पडद्यासाठी यंत्र २४ फुटांवर येते, म्हणजे नेमके प्रेक्षकांच्या मध्ये. तेवढी जागा, उंच टेबल आणि वायरी पायात येऊ नयेत म्हणून त्यांवर टाकायची पट्टी यांची सोय करावी. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर असावी, मागे खुर्च्या असतील तर आणखी उंच. पहिल्या वर्षी आमचा पडदा अडीच फुटांवर होता. चित्र दिसत होते, पण संवादांचे भाषांतर नेमके तळाशी येते, आणि ते सगळे पुढच्यांच्या फेट्या-टोप्यांमागे गेले. अर्धे मैदान 'काय म्हणाला?' असे विचारत होते.

पडद्याचे कापड ताणून सर्व बाजूंनी बांधावे आणि कडेला काळी पट्टी लावावी. वारा असेल तर मोठा पडदा शिडासारखा फुगतो, म्हणून मागे पक्की चौकट हवी. नुसत्या दोन बांबूंवर विसंबू नये. डिसेंबरात रात्री दव पडते, तेव्हा यंत्रावर आणि आवाजाच्या मिक्सरवर छत असू द्यावे. आवाजासाठी गावच्या साउंडवाल्याला आदल्या दिवशी बोलावून त्याच्यासमोर एक संवादाचा प्रसंग लावून पाहावा. तो लग्नाच्या वरातीला सरावलेला असतो, त्यामुळे खालचा दणका वाढवून ठेवतो आणि माणसांचे बोलणे त्यात बुडते. त्याला दणका कमी करायला एकदा पटवले की पुढे तोच इतरांना शिकवू लागतो. जनरेटर मैदानाच्या दूरच्या टोकाला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा.

आता फाईलींविषयी. चित्रपट महोत्सवाच्या दहा दिवस आधी हातात हवा, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर हवा आणि ज्या यंत्रावरून दाखवायचा त्याच यंत्रावर पूर्ण चालवून पाहिलेला हवा. चित्रपटगृहात खेळ असेल तर तेथे डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या डिजिटल यंत्रासाठी बांधलेला फाईलींचा संच, लागते. नेहमीची फाईल त्या यंत्रात चालत नाही. डीसीपी तयार करण्यासाठी 'डीसीपी-ओ-मॅटिक' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण पहिल्यांदा वापरताना दोन दिवस हाताशी ठेवावेत. दुसऱ्या वर्षी एका दिग्दर्शकाने चित्रपटाची लिंक खेळाच्या दिवशी दुपारी पाठवली. गावच्या इंटरनेटने ती संध्याकाळी सहाला उतरवून दिली, आणि मग पेन ड्राइव्हवर ती घेता येईना, कारण पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा होता आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. दुसरा पेन ड्राइव्ह शोधून आणेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. त्या वेळात भजनी मंडळाने दोन अभंग म्हटले म्हणून मैदान उठले नाही. तेव्हापासून मंडळाची पेटी आम्ही मांडवातच ठेवतो.

मराठी शब्द पडद्यावर

परभाषेतला चित्रपट फक्त इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवला तर गावातला निम्म्याहून अधिक प्रेक्षक पडद्याबाहेर राहतो. म्हणून दिग्दर्शकाची परवानगी घेऊन मराठी उपशीर्षके करावीत. गावातले दोन भाषाशिक्षक महिनाभर रात्री बसले तर एक चित्रपट होतो. दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर एका वेळी देऊ नये. पुस्तकी भाषांतर टाळावे, आणि एकदा ते कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे. तांत्रिक अडचण एकच आहे, पण ती दरवर्षी कोणाला तरी गाठते: काही यंत्रांवर देवनागरी जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. यासाठी उपशीर्षके वेगळी न ठेवता चित्रातच कायमची बसवून घ्यावीत आणि मगच अंतिम फाईल काढावी. हे शक्य नसेल तर चांगल्या आवाजाच्या व्यक्तीने माइकवर मोजकेच अर्थ सांगावेत; मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारी माणसे असत, तेव्हा यात कमीपणा मानू नये.

खेळ संपल्यावर

महोत्सव आणि नुसता फुकटचा खेळ यांत फरक पडतो तो खेळानंतरच्या अर्ध्या तासात. येथे सूत्रसंचालकाने 'कसा वाटला?' असे विचारले की 'छान' असे उत्तर येते आणि माणसे चपला शोधू लागतात. त्याऐवजी 'कोणता प्रसंग डोळ्यांसमोर राहिला?' असे विचारावे. पहिली दोन मिनिटे कोणी बोलत नाही. ती शांतता सोसावी आणि मधे स्वतः भाष्य करू नये.

एका वर्षी एका तरुण दिग्दर्शकाचा लघुपट होता. त्यात नायिका चुलीपुढे बसून भाकरी थापते, तव्यावर टाकते आणि त्याच वेळी नवऱ्याशी बोलते. शहरातल्या एका महोत्सवात या प्रसंगाची वाखाणणी झाली होती. आमच्याकडे तिसऱ्या रांगेतल्या एक आजी माइक न घेताच म्हणाल्या, 'तिनं भाकरीला वरून पाणी लावलंच नाही. भाकर तडकणार.' मैदान हसले. दिग्दर्शक ओशाळला, पण त्याने पुढे विचारले की पाणी केव्हा लावतात. आजींनी हाताने करून दाखवले: भाकरी तव्यावर पडली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची, त्या वेळात मान वर करून नवऱ्याशी बोलायला सवड नसते. तेथून बोलणे वळले ते घरात बाईला मान वर करून बोलायला सवड केव्हा मिळते याकडे, आणि पाऊण तास थांबले नाही. पुरुषांनी त्यात फारसे तोंड उघडले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

म्हणूनच दिग्दर्शकाने स्वतः यावे यासाठी धडपडावे. लॉजची खोली न घेता पाहुण्यांना घरी उतरवावे. खर्च वाचतो, आणि ज्या घरी दिग्दर्शक जेवला ते सगळे घर त्याचा चित्रपट पाहायला येते. जेवणाचे काम महिला बचत गटाला ठरलेल्या दराने द्यावे. उद्घाटनाची भाषणे मिळून दहा मिनिटांत आटोपावीत. आम्ही दहाव्या मिनिटाला मैदानाचे दिवे मालवतो, आणि वक्त्यांना हे आधीच सांगितलेले असते.

पैसा

गोरखपूरला २००६ साली 'प्रतिरोध का सिनेमा' या नावाने सुरू झालेल्या महोत्सवाने कंपन्यांचे प्रायोजकत्व न घेता लोकांच्या वर्गणीवर चालायचे ठरवले. केरळात त्याआधी मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा गटाने गावोगाव फिरून लोकांच्या पैशांतून चित्रपटच उभा केला होता. दुसऱ्या बाजूला, २०१२ साली रितू सरीन आणि तेनझिंग सोनम या दिग्दर्शक जोडप्याने मॅकलिऑडगंजला सुरू केलेला धरमशालेचा महोत्सव तिबेटी संस्थांच्या सभागृहांचा आधार घेत, देणगीदार आणि पाहुणे जोडत मोठा झाला. कोणता मार्ग घ्यायचा हे गावाने ठरवावे, मात्र मला पहिला जवळचा वाटतो. एका मोठ्या प्रायोजकापेक्षा शंभर-शंभर रुपयांच्या पावत्या फाडाव्यात. त्याला कष्ट फार पडतात, पण पावती घेतलेला माणूस आपले शंभर रुपये कोठे गेले ते पाहायला तरी मैदानावर येतो, आणि प्रायोजकाने ऐनवेळी हात आखडता घेतल्याने खेळ रद्द करण्याची पाळी येत नाही. वस्तूरूपाने मिळणारी मदतही हिशेबात लिहावी: मांडववाल्याने निम्मे भाडे सोडले, दूध डेअरीने चहाचे दूध दिले, छापखान्याने पत्रिका कागदाच्या किमतीत छापून दिल्या. ज्याचे नाव पडद्यावर द्यायचे त्याची यादी आधी दोघांनी तपासावी. एका वर्षी आमच्याकडून डेअरीचे नाव राहिले, आणि पुढच्या वर्षी चहा कोरा प्यावा लागला.

महोत्सव संपल्यावर आठवडाभरात सतरंज्या झटकून, मोजून परत कराव्यात, दिग्दर्शकांचे मानधन पाठवावे, आणि जमाखर्च हाताने लिहून वाचनालयाच्या फलकावर लावावा. तूट आली असेल तर तीही लिहावी. आमच्या नऊ वर्षांत ती चारदा आली. हिशेबाच्या त्याच कागदावर तळाशी पुढच्या महिन्याच्या खेळाची तारीख टाकावी, म्हणजे आकडे वाचायला आलेला माणूस तीही वाचून जातो.